कोरे पान असलेली बखर : जुन्या आलिशान मोटारींच्या विक्रीपत्रकांविषयी

जुन्या मोटारीचे विक्रीपत्रक हा लेखनप्रकार आपल्याकडे समीक्षेच्या कक्षेत कधी आला नाही. तो यावा असे कारणही कुणाला दिसले नसेल, कारण हे पत्रक माल विकण्यासाठी लिहितात. पण लिलावगृहांची आणि संग्राहकांची अशी पत्रके वाचण्याचा मला काही वर्षे नाद लागला आहे आणि त्यावरून एक गोष्ट स्पष्ट झाली आहे. या लेखनाची जातकुळी बखरीची आहे. आधी वंशावळ येते, म्हणजे कारखाना, चासीचा क्रमांक, सांगाडा बांधणाऱ्या कोचबिल्डरचे नाव. मग धन्याचा थाट येतो, म्हणजे कोणत्या महाराजांनी, कोणत्या साली, कोणत्या रंगात गाडी मागवली. शेवटी फलश्रुती म्हणून अपेक्षित किंमत येते. या दोन टोकांच्या मध्ये एक पान मात्र जवळजवळ नेहमी कोरे असते. महाराजांनंतरची आणि जीर्णोद्धारापूर्वीची तीस-चाळीस वर्षे एका वाक्यात उरकली जातात: गाडी दुर्लक्षित अवस्थेत सापडली, तिला मूळ वैभव प्राप्त करून देण्यात आले.

या लेखाचा विषय ते कोरे पान हा आहे.

मूर्ती कोणती?

मी टिटवाळ्याचा रहिवासी, त्यामुळे जीर्णोद्धार हा शब्द लहानपणापासून कानावर आहे. आमचे महागणपतीचे स्थान शकुंतलेच्या कथेशी जोडलेले. मूळ देऊळ तळ्याच्या गाळात गेले होते, पेशवाईत माधवरावांच्या काळी गाळ काढताना ते सापडले आणि पुन्हा उभे राहिले, अशी परंपरा आहे. पुढे लाकडी सभामंडप मोडकळीला आला आणि १९६५-६६ मध्ये पुन्हा जीर्णोद्धार झाला. जुने खांब गेले, नवे बांधकाम आले. त्याने देऊळ खोटे झाले असे कोणी म्हटले नाही. देवत्व मूर्तीत असते, खांबांत नसते, एवढा साधा त्यामागचा विचार.

मोटारीच्या जीर्णोद्धाराला हाच न्याय लावायचा तर आधी विचारावे लागेल की तिच्यातली मूर्ती कोणती? चासी? इंजिन? की वरचा पत्रा?

कोचबिल्ट मोटारीच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच अवघड होतो, कारण तिला दोन कर्ते असतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उंची मोटारींचे कारखाने अनेकदा फक्त चासी विकत. चौकट, इंजिन, चाके आणि समोरचे रेडिएटर एवढेच गिऱ्हाइकाच्या हाती येई. मग ते गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडे जाई. त्यांतले बरेचसे पूर्वी घोडागाड्या बनवणारे. ते ॲश झाडाच्या लाकडाचा सांगाडा करत, त्यावर हाताने ठोकून घडवलेला ॲल्युमिनियमचा किंवा लोखंडी पत्रा चढवत आणि उघडी गाडी असेल तर वर कापडी टप बसवत. टप हा शब्द आपल्याकडे टांग्यापासून मोटारीपर्यंत तसाच चालत आला, तोही या व्यवसायाच्या वंशावळीचा एक पुरावा. आपल्या देशातही मद्रासच्या सिम्प्सनसारख्या पेढ्या आधी बग्ग्या आणि मग मोटारींचे सांगाडे बांधत.

एक मराठी संस्थानिक, एक अमेरिकन चासी

उदाहरण म्हणून इंदूरच्या यशवंतराव होळकरांची (१९०८-१९६१) ड्यूसेनबर्ग घेऊ. होळकर घराण्याचे मूळ नीरेकाठच्या होळ गावचे, तेव्हा ही आपल्याच घरची गोष्ट आहे. ड्यूसेनबर्ग कंपनी अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची. तिचे 'जे' मॉडेल १९२८च्या अखेरीस आले. आठ सिलिंडरचे, जवळजवळ सात लिटरचे इंजिन आणि २६५ अश्वशक्तीचा दावा. नुसत्या चासीची सुरुवातीची किंमत साडेआठ हजार डॉलर होती. सुपरचार्जर लावलेल्या 'एसजे'साठी ३२० अश्वशक्ती सांगितली जाई. १९३७ मध्ये कंपनी बंद पडेपर्यंत 'जे' मालिकेतल्या सुमारे पाचशेच गाड्या झाल्या.

होळकरांनी तीसच्या दशकाच्या मध्यावर 'एसजे'ची चासी घेतली आणि तिच्यावरचा सांगाडा लंडनच्या गर्नी नटिंग या पेढीकडून करवून घेतला. लांबच लांब बॉनेट, मागे दोघांपुरती उघडी बैठक आणि नारिंगी-काळी रंगसंगती. ज्या माणसाने एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग बांधून घेतली आणि ब्रांकुसीची शिल्पे विकत घेतली, त्याच्या अभिरुचीला साजेशीच ही गाडी होती. ती मौज म्हणून घेतलेली असली तरी अडाणी मौज नव्हती.

पुढे काय झाले? ड्यूसेनबर्ग अमेरिकेत परतली आणि तिथल्या संग्राहकांच्या जगात मानाला पोहोचली. माणिकबागेतले फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोत लिलावात विकले गेले. त्या महालात केंद्रीय अबकारी खात्याचे कार्यालय आले. वस्तू गेल्या, वास्तू कर वसूल करू लागली. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटकलेच्या संग्रहालयात या 'आधुनिक महाराजा'वर मोठे प्रदर्शन भरले. या साऱ्या गौरवात महाराज आहेत, मुथेसियस आहे, गर्नी नटिंग आहे. माळव्याच्या उन्हात ते अवजड यंत्र चालते ठेवणारा मिस्त्री मात्र कुठे दिसत नाही.

कोऱ्या पानावर काय होते?

संस्थाने विलीन झाली, पुढे इस्टेट ड्यूटी आणि संपत्ती कर आला, १९७१ मध्ये तनखे बंद झाले. आयातीवरच्या बंधनांमुळे परदेशी सुटे भाग मिळेनात. या काळात ज्या गाड्या इथे राहिल्या त्या कोणी जगवल्या? लेथवर बुशिंग कातून देणाऱ्याने, ट्रकचा कार्ब्युरेटर बसवून इंजिन सुरू करणाऱ्या मेकॅनिकने, वाळवीने पोखरलेल्या ॲशच्या जागी सागवान घालणाऱ्या सुताराने, टपाला ताडपत्री शिवणाऱ्या सीटवाल्याने. कुठे मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसले, कुठे गाडी लग्नाच्या वरातीला भाड्याने गेली, कुठे चित्रपटाच्या सेटवर उभी राहिली.

जीर्णोद्धार करणारा आज पहिल्यांदा हेच सगळे काढून टाकतो. सागवान जाऊन पुन्हा ॲश येते, ताडपत्री जाऊन विलायतेहून मागवलेले कापड येते, हाताने मारलेल्या रंगाच्या थरांवर सँडपेपर फिरतो आणि त्या जागी मूळ सेल्युलोज लॅकरपेक्षाही चकचकीत असा आजचा पॉलियुरेथेन रंग चढतो. म्हणजे गाडी १९३५ सालची होत नाही. ती १९३५ मध्येही नव्हती इतकी नवी होते. पत्रकात याला 'मूळ वैभव' म्हणतात.

ही टीका कारागिरांवर नाही. त्यांचे कौशल्य वादातीत आहे. टीका संपादनपद्धतीवर आहे, कारण जीर्णोद्धार हे मुळात संपादनच आहे.

पाठभेद कुठे गेले?

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच पेच होता. तीनशे वर्षांच्या लेखनिकांनी घातलेली भर कुठे संपते आणि ज्ञानदेव कुठे सुरू होतात? अपपाठ काढून त्यांनी शुद्ध प्रत सिद्ध केली. ते कार्य थोरच आहे. पण त्यांनी काय काढले, हे आज आपल्याला त्या प्रतीवरून कळत नाही. विसाव्या शतकात भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम केले (१९१९-१९६६), तेव्हा पद्धत बदलली होती. संहिता वर, तिच्याखाली प्रत्येक हस्तलिखितातले पाठभेद आणि जिथे पाठाची खात्री नाही तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ. 'इथे आम्ही निर्णय केला आहे, तो चुकीचा असू शकतो' एवढे ती रेघ सांगते.

मोटारीच्या जीर्णोद्धारात ही नागमोडी रेघ नाही. पत्रकातले 'संपूर्ण जीर्णोद्धारित' हे विशेषण गुणवर्णन म्हणून येते, पण चिकित्सक वाचकाने ते इशारा म्हणून वाचायला हवे. किती पत्रा जुना? कोणते लाकूड बदलले? इंजिन याच चासीचे की दुसऱ्या गाडीतून आणलेले? मूळ रंग कागदपत्रांवरून ठरवला की थर खरवडून, की नव्या मालकाच्या आवडीने?

हा प्रश्न केवळ अभिरुचीचा राहिलेला नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला 'व्हीए' ही अक्षरे असलेला क्रमांक, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, आणि रोजच्या किंवा व्यापारी वापराला मनाई. त्यातली मुख्य अट अशी की वाहन मूळ रूपात असावे, आणि चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत बदल होईल अशी मोठी दुरुस्ती झालेली नसावी. आता कोचबिल्ट गाडीचे मूळ रूप कोणते? मालकाने १९४८ मध्ये जुन्या चासीवर नवा सांगाडा चढवून घेतला असेल तर? नियमाने 'मूळ' हा शब्द वापरला आणि त्याचा अर्थ सांगण्याचे काम पुन्हा विक्रीपत्रक लिहिणाऱ्याच्या हाती गेले.

यावर रास्त आक्षेप असा की बाजार नसता तर या गाड्या भंगारात गेल्या असत्या. हे खरे आहे. राजकोटच्या संस्थानिकांसाठी १९३४ मध्ये बनलेली 'स्टार ऑफ इंडिया' ही उघड्या टपाची रोल्स रॉइस देशाबाहेर गेली, परदेशात जपली गेली, आणि २०१० मधल्या मोनॅकोच्या लिलावानंतर त्याच घराण्याकडे परत आली. पैशाने वाचवले, हे मान्य करायला हवे. पण पैशाने वाचवताना काय पुसले याची नोंद ठेवायला वेगळा पैसा लागत नाही. एक वही आणि एक कॅमेरा पुरतो.

दसरा चौकातली गाडी

दुसरा मार्ग कोल्हापुरात दिसतो. मुंबई-कोल्हापूर हा मोटारींच्या इतिहासातला जुना रस्ता. १९०८ मध्ये याच मार्गावरच्या चाचणीत रोल्स रॉइसने नाव कमावले आणि ती गाडी ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी विकत घेतली. त्या कोल्हापुरात छत्रपती घराण्याची संस्थानकाळातली उघडी मेबॅक आहे. मेबॅकही चासी बनवणारीच कंपनी, सांगाडे बहुतेक दुसऱ्यांचे. दसऱ्याच्या संध्याकाळी ही गाडी दसरा चौकात येते, शमीपूजन होते, सोने लुटले जाते. लोक तिची किंमत विचारत नाहीत. ती यंदाही आली का, एवढेच बघतात. मालकी घराण्याची असली तरी गाडीचा अर्थ गावाने धरून ठेवला आहे, आणि तो चालू असल्यामुळे तिच्या बखरीत कोरे पान पडलेले नाही.

सगळ्याच गाड्यांना दसरा चौक मिळणार नाही. काही विकल्या जाणारच. माझी मागणी लहान आहे. प्रत्येक विक्रीपत्रकाला एक जोडपत्र असावे. काढलेला प्रत्येक भाग, त्याचे छायाचित्र, तो कोणत्या गावात, कोणत्या हाताने बसला असावा याची टीप. काढलेले सागवानही फेकून न देता गाडीबरोबर द्यावे. खरेदीदाराला त्याचे ओझे वाटेल, अभ्यासकाला तो ऐवज असेल.

आमच्या देवळात मूर्ती कायम राहिली म्हणून खांब बदलता आले. कोचबिल्ट मोटारीला अशी एकच मूर्ती नाही. तिचे देवत्व असलेच तर ते तिच्यावर काम केलेल्या सगळ्या हातांत वाटलेले आहे. त्यांतले फक्त लंडनचे हात मोजायचे आणि आपल्या सुताराचे, मिस्त्रीचे हात दुरुस्ती म्हणून खरवडून काढायचे, याला जीर्णोद्धार म्हणता येणार नाही. ते पुनर्लेखन आहे, आणि निदान त्याखाली एक नागमोडी रेघ तरी हवी.