‘फकिरा’: साहसाचा शेवट आणि समूह

रॉबिन हूडच्या मध्ययुगीन इंग्रजी कथागीतांत बंडखोराला अरण्याचा आश्रय आहे. राजाने क्षमा केल्यावरही तो दरबारात रमत नाही, अरण्यातच परततो. एरिक हॉब्सबॉम यांनी १९६९ मध्ये विस्ताराने मांडलेल्या ‘सामाजिक दरोडेखोर’ या संकल्पनेचा तो आदर्श नमुना होय. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’च्या (१९५९) नायकाला ‘मराठी रॉबिन हूड’ म्हणण्याचा मोह याच संकल्पनेतून होतो. दुष्काळात धान्य लुटून उपाशी माणसांना वाटणे, हे साम्य नाकारता येत नाही. तथापि कादंबरीचा गाभा त्यातून हाती लागत नाही.

रॉबिन एकटा कायद्याबाहेर जातो. फकिराचा समाज मात्र हजेरीच्या जाचात अगोदरच जखडलेला आहे. त्यामुळे एकाच्या बंडाची किंमत सर्वांकडून वसूल करता येते. सरकार त्याच्या आप्तांना व जातबांधवांना ओलीस धरते, आणि त्यांच्या सुटकेसाठी तो स्वतःहून स्वाधीन होतो. त्याला लपायला रान आहे, पण समूहाला नाही.

या कादंबरीवर अद्भुतरम्यतेचा आक्षेप घेताना हा शेवट दुर्लक्षिला जातो. गावासाठी जोगिणी आणताना राणोजीने दिलेला प्राण आणि फकिराची शरणागती ही एकाच आशयसूत्राची दोन टोके आहेत. येथे पराक्रमाचे मोल नायकाच्या निसटण्यावर ठरत नाही. त्याच्यामागे कोण सुटले, यावर ठरते. ‘फकिरा’चे वास्तव शोधायचे ते येथे.