एका भागाचे मूल्य : ‘ब्रेकिंग बॅड’ मालिकेतील दोन भाग आणि त्यांची समीक्षा

प्रस्तावना

कादंबरीचे एखादे प्रकरण सुटे काढून त्याला गुण देण्याची प्रथा साहित्यसमीक्षेत नाही. अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकांच्या बाबतीत मात्र प्रत्येक भागाची प्रसारणानंतर लगेच स्वतंत्र समीक्षा होते व प्रेक्षकही त्यास गुण देतात. दीर्घ कथेच्या एका अंशाचे असे मूल्यमापन कितपत ग्राह्य मानावे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी व्हिन्स गिलिगन यांच्या ‘ब्रेकिंग बॅड’ (२००८-२०१३) या मालिकेतील दोन भाग विचारात घेतले आहेत.

दोन भाग, दोन प्रतिसाद

‘फ्लाय’ हा भाग २३ मे २०१० रोजी, तर ‘ओझिमँडियस’ १५ सप्टेंबर २०१३ रोजी प्रसारित झाला. दोहोंचे दिग्दर्शक रायन जॉन्सन. ‘ओझिमँडियस’च्या लेखिका मॉइरा वॉली-बेकेट या ‘फ्लाय’च्याही सहलेखिका होत्या. असे असूनही प्रतिसादात टोकाचे अंतर दिसते. ‘ओझिमँडियस’ला इंटरनेट मूव्ही डेटाबेसवर अनेक वर्षे १० पैकी १० गुण होते, त्याच्या लेखनाला २०१४ चा एमी पुरस्कारही लाभला. उलट ‘फ्लाय’ प्रेक्षकांच्या गुणांकनात मालिकेच्या तळाशी राहिला. काही समीक्षकांनी त्याची वाखाणणी केली; परंतु ‘या भागात काहीच घडत नाही’ हा आक्षेप कायम राहिला.

आक्षेपाला आधार आहे. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी हा भाग उपलब्ध नेपथ्यावर, मोजक्या पात्रांत चित्रित झाला. अमली पदार्थ बनवणारा रसायनशास्त्राचा शिक्षक वॉल्टर व्हाइट आणि त्याचा माजी विद्यार्थी जेसी हे दोघे प्रयोगशाळेत शिरलेल्या एका माशीमागे धावतात, एवढेच त्याचे बाह्य कथानक. आठवडाभर वाट पाहणाऱ्या प्रेक्षकाची निराशा म्हणूनच अनाकलनीय नाही.

न उच्चारलेले सत्य

जेसीची प्रेयसी जेन हिचा मृत्यू दुसऱ्या पर्वात, २००९ मध्ये दाखवला गेला. तिला वाचवणे शक्य असूनही वॉल्टर स्वस्थ उभा राहिला होता. ‘फ्लाय’मध्ये झोपेच्या गोळ्यांच्या अमलाखाली तो शिडी धरून उभा आहे व वर चढलेल्या जेसीला जेनबद्दल वाईट वाटते, असे सांगतो. पुढचे वाक्य मात्र ओठांवरच थांबते. या भागातील खरी घटना ही आहे : सत्य सांगितले जात नाही. त्या क्षणी वॉल्टरच्या ठायी अपराधभाव शिल्लक आहे आणि मौनात भीतीइतकीच मायाही आहे.

‘ओझिमँडियस’मध्ये तेच सत्य वाळवंटात उच्चारले जाते. गुन्हेगार जेसीला ओढून नेत असताना, केवळ त्याला घायाळ करण्यासाठी, वॉल्टर ते सांगतो. कबुलीचे शस्त्र झाले आहे, हे ज्याने शिडीखालचा वॉल्टर पाहिला आहे त्यालाच पुरते उमगते. लेखकांनी २०१० मध्येच हे योजले होते असे मानण्याची गरज नाही. दोन प्रसंगांतील नाते संहितेत आहे, एवढे पुरेसे आहे. क्षेमेंद्राच्या औचित्यविचाराचा आधार घेतला तर अंशाची शोभा त्याच्या योग्य स्थानावर अवलंबून असते. मालिकेत हे स्थान पुढील भाग आल्यावरच निश्चित होते.

समारोप

याचा अर्थ प्रत्येक संथ भाग श्रेष्ठ, असा नव्हे. ज्याचे पडसाद पुढे कोठेच उमटत नाहीत, तो भाग रिकामाच ठरेल. प्रसारणाच्या रात्रीची समीक्षा निरर्थकही नाही. प्रेक्षकाच्या तत्कालीन अनुभवाची ती नोंद असते. परंतु ती अंतिम निवाडा ठरू नये. माध्यमाच्या अभ्यासक्रमासाठी गुणांकन पाहून केवळ ‘ओझिमँडियस’ निवडणाऱ्या अध्यापकाच्या हाती परिणाम येईल, कारण येणार नाही. सर्वाधिक गुणांच्या भागातील एका वाक्याचे बळ सर्वांत कमी गुणांच्या भागातील मौनातून आले आहे.