डब्यावरची कवटी

जालना जिल्ह्यात कपाशीवर फवारणी सुरू झाली की एक छापील मजकूर घरोघरी येतो, पण तो वाचला मात्र क्वचितच जातो. कीटकनाशकाच्या डब्यावरचा हा इशारा आपण आज परीक्षणासाठी घेऊ.

डब्यावर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. वर्गीकरण चोख आहे. पण रस्त्यावरच्या सिग्नलने ज्याला 'हिरवा म्हणजे खुशाल जा' असे शिकवले, त्याला हा हिरवा रंग फसवू शकतो. शिवाय आपल्या बोलीत या विषाचे नावच मुळी 'औषध'!

याहून मोठी उणीव वेगळीच आहे. कवटीचे चित्र भीती दाखवते, पण वाचणाऱ्याच्या स्वाभिमानाची दखल घेत नाही. वीस वर्षे फवारणी केलेला माणूस स्वतःला जाणकार आणि काटक समजतो. त्याला इशाऱ्यात धोक्याऐवजी 'तुला कळत नाही' एवढेच ऐकू येते. मग 'आम्हाला काही होत नाही' म्हणून तो मोकळा होतो.

हा अडाणीपणा नव्हे. शर्मन, नेल्सन आणि स्टील या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. कॉफीतील कॅफीन घातक असल्याचा लेख अमेरिकेतील विद्यार्थिनींना वाचायला दिला. कॉफी पिणाऱ्यांनाच तो कमी पटला. परंतु ज्यांना आधी स्वतःच्या आवडत्या जीवनमूल्यांचा विचार करायला लावले होते, त्यांनी तोच इशारा अधिक मोकळेपणाने स्वीकारला. स्वतःची किंमत शाबूत आहे असे वाटले की धोका मान्य करणे जड जात नाही.

अर्थात, सगळे खापर मनावर फोडता येणार नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. उकाड्यात अंगभर संरक्षक पोशाख सोसत नाही, तो विकत घ्यायला पैसे लागतात आणि रोजंदारीवरच्या माणसाला काम नाकारणे परवडत नाही. नुसता छापील इशारा यावर उपाय होऊ शकत नाही.

तरीही शिक्षकांना एक गोष्ट करता येईल. 'वडिलांना समजावून सांगा' असा गृहपाठ देऊ नये. मुलांनी आधी वडिलांना त्यांच्या शेतीतील कसबाबद्दल विचारावे, ते लिहून घ्यावे आणि मग डब्यावरचा मजकूर दोघांनी मिळून वाचावा. डबा मात्र मोठ्यांच्याच हातात असावा.