‘संत तुकाराम’: एका पदाचे कर्तृत्व

दामले-फत्तेलाल दिग्दर्शित ‘संत तुकाराम’ (१९३६) हा बोलपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. त्यातील भाषेची परीक्षा मात्र परकीय परीक्षकांकडून अपेक्षिता येत नाही. त्यासाठी तो मराठी कानांनीच पुन्हा ऐकावयास हवा.

‘आधी बीज एकले’ हे त्यातील पद अनेकांनी तुकोबांचाच अभंग मानले. वस्तुतः ते शांताराम आठवले यांचे होय. त्याच्या रचनेतच संशयास पुरेशी जागा आहे. ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा त्यात नाही. मध्येच सहा-सहा अक्षरांचे दोन चरण येऊन अभंगाचा भास होतो. परंतु लगेच पुढचा चरण ते माप सोडतो. तरीही श्रोते फसले. केशवराव भोळे यांचे संगीत व विष्णुपंत पागनीसांचा आर्त स्वर हे त्याचे एक कारण. दुसरे, आणि अधिक महत्त्वाचे, आठवल्यांची दृष्टान्ताची निवड. बीज, अंकुर, रोप हा क्रम गोदाकाठच्या काळ्या रानात राबणाऱ्यास कोणी समजावून द्यावा लागत नाही. अद्वैताचा सिद्धान्त तो शेतातूनच उचलतो. हे तुकोबांच्या शब्दांचे अनुकरण नव्हे, त्यांच्या विचारपद्धतीचे आहे.

कथेतील सालोमालो तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवितो. येथे नेमके उलटे झाले, आणि त्यात कवीच हरवला. वर्गात हे पद शिकविताना आठवल्यांचे नाव उच्चारले जावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.