शोधनिबंधाची मांडणी आणि संशयाची रेघ

शोधनिबंधाची मांडणी म्हणजे केवळ मुद्रणाची शिस्त, असा समज विद्यार्थिवर्गात रूढ आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतील, वि. सी. सुकथनकरांनी संपादिलेले आदिपर्व (१९३३) पाहिले म्हणजे तो टिकत नाही. तेथे स्वीकृत संहिता वर, पाठभेद त्याच पृष्ठावर खाली; आणि पाठाविषयी संपादकाची पूर्ण खात्री नसेल तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ. ही रेघ गाळली, तर पृष्ठ अधिक नेटके दिसेल. पण अनुमान सिद्धान्ताच्या वेषात वावरू लागेल. आपल्या प्रबंधांत समास व तळटीपा नियमानुसार असतात. निश्चित काय आणि संभाव्य काय, हा भेद मात्र क्वचितच दिसतो. त्या भेदास पृष्ठावर स्थान देणे, हेच मांडणीचे पहिले कर्तव्य होय.