हिरडीतलं जनुक ‘वाढलं’ म्हणजे नक्की काय झालं?

पेरिओडॉन्टायटिसवर, म्हणजे दाताभोवतीचं हाड झिजवणाऱ्या हिरड्यांच्या आजारावर काम करायचं ठरवलंत, तर एक पेपर तुमच्यापुढे येणारच. डेमर आणि सहकाऱ्यांचा, २००८ चा, ‘जर्नल ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजी’मधला. ९० रुग्ण, हिरडीचे २४७ तुकडे: १८३ आजारी जागांचे, ६४ निरोगी जागांचे. प्रत्येकातला आरएनए मायक्रोॲरेवर मोजला. चिपवरच्या सुमारे ५४ हजार प्रोब-संचांपैकी १२,७४४ मध्ये फरक आढळला. ५,२९५ वाढलेले, ७,४४९ घटलेले.

आधी चांगलं काय ते बघू. आजारी आणि निरोगी नमुने त्याच रुग्णांच्या तोंडातून घेतले. त्यामुळे वय, धूम्रपान, मधुमेह यांचा गोंधळ बराच कमी होतो. एका माणसाचे दोन-तीन तुकडे म्हणजे दोन-तीन माणसं नव्हेत, हेही त्यांनी विश्लेषणात धरलं. शिवाय इतक्या चाचण्या एकदम केल्यामुळे पी-व्हॅल्यूची अटही अत्यंत कडक ठेवली.

आता अडचण. इतकी कडक अट लावूनही जवळजवळ पाव चिप ‘बदललेली’ निघते, तेव्हा आनंदाच्या आधी शंका यायला हवी. इतकी सगळी जनुकं खरंच चालू-बंद झाली का?

आठवडी बाजाराच्या दिवशी गावात गलका वाढतो, तो काय प्रत्येक गावकरी जोरात बोलायला लागला म्हणून? नाही, माणसं जास्त आली म्हणून. हिरडीचंही तसंच आहे. जुनाट आजारात तिथे प्लाझ्मा पेशींची गर्दी होते आणि या पेशींचं कामच अँटिबॉडी बनवणं. साहजिकच अँटिबॉडीची जनुकं ‘वाढलेली’ दिसतात, एकाही पेशीने आपला वेग बदललेला नसला तरी. उलट बाजूही बघा. प्रत्येक नमुन्यातून ठरावीक इतकाच आरएनए चिपवर जातो. त्यात बाहेरून आलेल्या पेशींचा वाटा वाढला की त्वचेसारख्या वरच्या थरातल्या पेशींचा वाटा आपोआप घटतो. मग त्यांची जनुकं ‘मंदावली’ असं आपण लिहून टाकतो.

म्हणजे पेपर चुकीचा का? अजिबात नाही. तुकड्यात काय बदललं, हे तो नीट सांगतो. पेशीत काय बदललं, हे त्या मोजमापातून कळत नाही, आणि वाचणारे नेमकं तेच गृहीत धरतात. त्यात नमुना घेतला तेव्हा आजार आधीच जुना झालेला. त्यामुळे कारण कुठलं, परिणाम कुठला, हेही त्यातून ठरत नाही.

हा प्रश्न तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कारण हा डेटा खुला आहे. डाउनलोड करायचा, नेटवर्क काढायचं, पाच ‘हब जीन’ निवडायचे आणि ‘उपचाराचं लक्ष्य सापडलं’ म्हणायचं, हे लॅपटॉपवर थोड्या दिवसांत होतं. पण ते पाच हब म्हणजे प्लाझ्मा पेशींची हजेरी असेल, तर तुम्ही औषधाचं लक्ष्य शोधलं नाहीत, सूज आहे एवढंच पुन्हा सांगितलंत. ते तर दंतवैद्याला हिरडीतून रक्त आलं तेव्हाच कळलं होतं.

२०२१ मध्ये ‘सेल’मध्ये विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या आतल्या अस्तराचा एकेक पेशी मोजून नकाशा मांडला. त्यात दिसलं की आजारात हिरडीतल्या फायब्रोब्लास्टसारख्या आधार देणाऱ्या पेशी स्वतःच न्यूट्रोफिलना बोलावणारे संकेत देतात. हे वाक्य कुठल्या पेशीबद्दल आहे, ते स्पष्ट आहे. अर्थात या पद्धतीतही ऊतक फोडताना नाजूक पेशी गळतात आणि रुग्ण कमी असतात. हजारो पेशी मोजल्या म्हणून हजारो रुग्ण होत नाहीत.

तेव्हा सिनॉप्सिस लिहिण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. माझं जनुक कुठल्या पेशीत आहे? पेशींचं प्रमाण लक्षात घेतल्यावरही फरक टिकतो का? आणि पडताळणीसाठी घेतलेला दुसरा डेटा खरंच दुसऱ्या रुग्णांचा आहे का, की त्याच गटाचा, त्याच चिपवरचा? उत्तरं नसतील, तर ऊतकाच्या कापावर ते जनुक रंगवून बघण्याचा एक प्रयोग आराखड्यात घाला. काम वाढेल, पण ‘वाढलं’ हा शब्द लिहिताना हात कापणार नाही.