शपथविधीतील ‘विधी’ : राष्ट्रपतींच्या पदग्रहणाच्या मराठी वार्तांकनातील प्रतिमा आणि भाषाशैली

प्रस्तावना

‘विधी’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ रूढ आहेत. विवाहविधी, अंत्यविधी या शब्दांत तो परंपरेने चालत आलेले कर्म सुचवितो. विधी महाविद्यालय, विधिमंडळ या शब्दांत तो कायदा सुचवितो. ‘शपथविधी’ या सामासिक शब्दात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. राष्ट्रपतींच्या पदग्रहणाचे वार्तांकन करताना मराठी वृत्तलेखन बहुधा पहिल्या अर्थाकडे झुकते. मिरवणूक, अश्वदल, तोफांची सलामी, वेशभूषा यांचे वर्णन विस्ताराने येते. कोणती शपथ, कोणी दिली, कशाची दिली हे एका वाक्यात आटोपते. प्रस्तुत लेखात या झुकावाची समीक्षा केली आहे. त्यासाठी २५ जुलै २००७ रोजीचे प्रतिभाताई पाटील यांचे आणि २५ जुलै २०२२ रोजीचे द्रौपदी मुर्मू यांचे पदग्रहण हे दोन प्रसंग मुख्यतः विचारात घेतले असून यवतमाळ जिल्ह्यातील वाचक हा या विवेचनाचा केंद्रबिंदू मानला आहे.

या जिल्ह्याला वृत्तपत्रीय परंपरा आहे. लोकनायक बापूजी अणे यांच्या काळात यवतमाळ येथे निघालेल्या ‘लोकमत’ साप्ताहिकाचे नाव धारण करणारे दैनिक १५ डिसेंबर १९७१ पासून नागपुरातून निघू लागले. तथापि दिल्लीतील सोहळ्याच्या बाबतीत जिल्हा पातळीवरील पत्रकाराची स्थिती वेगळी असते. तो संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात उपस्थित नसतो. वृत्तसंस्थेचा मजकूर, पत्र सूचना कार्यालयाची छायाचित्रे आणि दूरदर्शनचे थेट प्रक्षेपण एवढीच त्याची सामग्री. साहजिकच छायाचित्राची निवड, त्याची काटछाट, त्याखालची ओळ, मथळा आणि पहिला परिच्छेद हीच त्याची कर्तृत्वाची क्षेत्रे उरतात. समीक्षेचा विषयही तोच आहे.

शपथेचे शब्द

राष्ट्रपतींची शपथ राज्यघटनेच्या ६०व्या अनुच्छेदात शब्दशः दिलेली आहे. ती भारताच्या सरन्यायाधीशांसमोर, ते नसल्यास सर्वोच्च न्यायालयाच्या उपलब्ध ज्येष्ठतम न्यायाधीशांसमोर घ्यावयाची असते. ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी की गांभीर्यपूर्वक दृढकथन करावे, ही निवड पद स्वीकारणाऱ्या व्यक्तीची असते. शपथेत तीन वचने आहेत : पदाची कर्तव्ये निष्ठापूर्वक पार पाडणे, संविधान व कायदा यांचे जतन, संरक्षण व प्रतिरक्षण करणे, आणि भारतीय जनतेच्या सेवेला व कल्याणाला वाहून घेणे.

या शपथेचे वेगळेपण मंत्र्यांच्या शपथेशी तुलना केली असता स्पष्ट होते. मंत्र्यांची शपथ घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे आणि ती दुहेरी आहे : एक पदाची, दुसरी गोपनीयतेची. मंत्री संविधानाशी निष्ठा बाळगण्याचे वचन देतो. राष्ट्रपती संविधानाचे रक्षण करण्याचे वचन देतात. राष्ट्रपतींना गोपनीयतेची शपथ नाही. असे असताना ‘पद व गोपनीयतेची शपथ घेतली’ हा साचा राष्ट्रपतींच्या वृत्तालाही सवयीने चिकटतो. यवतमाळच्या वाचकाला हा साचा विशेष परिचयाचा आहे. पुसदच्या नाईक घराण्यातील वसंतराव नाईक यांनी डिसेंबर १९६३ मध्ये आणि सुधाकरराव नाईक यांनी जून १९९१ मध्ये मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, तेव्हा हे शब्द यथार्थ होते. राष्ट्रपतींच्या बाबतीत मात्र ते निव्वळ चुकीचे ठरतात. ही चूक केवळ तपशिलाची नाही. साचा वापरला जातो तेव्हा शपथेचा मजकूर वाचलाच गेलेला नसतो, हे तिच्यातून दिसते.

शपथेत शब्द हीच कृती असते, याचे उद्बोधक उदाहरण अमेरिकेत घडले. २० जानेवारी २००९ रोजी बराक ओबामा यांच्या शपथेच्या वेळी सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्याकडून ‘निष्ठापूर्वक’ या अर्थाचा शब्द जागचा हलला. अफाट जनसमुदायासमोर झालेल्या त्या सोहळ्यात काही उणे नव्हते. उणा होता तो शब्दांचा क्रम. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमधील एका दालनात, मोजक्या उपस्थितांसमोर, दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांविना, शपथ खबरदारी म्हणून पुन्हा घेण्यात आली. आदल्या दिवशीच्या चित्रात सोहळा होता आणि दुसऱ्या दिवशीच्या चित्रात कायदा होता. ‘विधी’ शब्दाचे दोन्ही अर्थ इतके सुटे होऊन क्वचितच दिसतात.

प्रतिमा : चौकटीतील आणि चौकटीबाहेरील

पदग्रहणाच्या दिवशी उपलब्ध होणारी छायाचित्रे साधारणतः ठरलेली असतात. मावळते आणि नवे राष्ट्रपती यांचे एकत्र आगमन, सरन्यायाधीशांकडून शपथ, दोघा राष्ट्रपतींनी परस्परांशी केलेली आसनांची अदलाबदल, नोंदवहीतील स्वाक्षरी, नव्या राष्ट्रपतींचे भाषण आणि राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणातील मानवंदना. यांपैकी कोणते चित्र मुखपृष्ठावर घ्यावे, हा निर्णय सौंदर्यदृष्टीचा वाटतो; वस्तुतः तो अर्थनिर्णय असतो.

शपथेच्या छायाचित्रात मुळात दोन व्यक्ती असतात. २००७ च्या प्रसंगी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन आणि २०२२ च्या प्रसंगी सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी शपथ दिली. स्तंभाच्या रुंदीत चित्र बसविण्यासाठी सरन्यायाधीश कापले गेले, की शपथ घेणारी व्यक्ती एकटी उरते. मग ते चित्र कृतीचे राहत नाही, व्यक्तिचित्र होते. देशाचे सर्वोच्च पद धारण करणारी व्यक्तीसुद्धा कोणासमोर तरी उभी राहून वचन देते, हा त्या क्षणाचा सारा आशय कात्रीने छाटला जातो.

आसनांची अदलाबदल हे दुसरे अर्थगर्भ दृश्य. क्षणापूर्वी राष्ट्रपती असलेली व्यक्ती बाजूच्या आसनावर जाऊन बसते आणि सत्तांतर पूर्ण होते. राजेशाहीत उत्तराधिकारी येतो तेव्हा पूर्वाधिकारी बहुधा हयात नसतो. प्रजासत्ताकात तो शेजारी बसलेला असतो. प्रजासत्ताक म्हणजे काय, हे विद्यार्थ्याला एका चित्रात समजावून द्यावयाचे झाल्यास याहून बोलके चित्र नाही. तरीही भव्य प्रांगणातील मानवंदना आणि अश्वदल यांच्या तुलनेत ते फिके वाटते आणि आतील पानावर जाते.

वेशभूषेचा प्रश्न याच संदर्भात येतो. प्रतिभाताईंचा डोक्यावरून घेतलेला पदर आणि मुर्मू यांची संथाली साडी यांकडे वृत्तलेखनाचे लक्ष आवर्जून गेले. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या केशरचनेचा अपवाद वगळता पुरुष राष्ट्रपतींच्या बाह्य रूपाला एवढी जागा क्वचितच मिळाली. वेश अर्थशून्य असतो, असे येथे सुचवावयाचे नाही. २०२२ ची ती साडी नेसणे हे एक विधानच होते. परंतु विधान म्हणून तिची नोंद घेणे वेगळे आणि शपथेची जागा तिला देणे वेगळे.

भाषा : सिंहासनाची आणि संविधानाची

मराठी वृत्तभाषेवर बखरीचे व दरबारी परंपरेचे संस्कार आहेत. ‘विराजमान’, ‘आरूढ’, ‘राजयोग’, ‘सम्राज्ञी’ यांसारखे शब्द तिच्या हाताशी सहज येतात. त्यांनी वाक्याला भारदस्तपणा येतो, पण पदाचे स्वरूप बदलते. विराजमान होणारा वचन देत नाही. तो दर्शन देतो. ‘शपथ घेऊन पदाची सूत्रे स्वीकारली’ हे वाक्य साधे असले तरी त्यात कर्ता, कृती आणि बंधन ही तिन्ही आहेत.

विशेष म्हणजे खुद्द राष्ट्रपती भवनाने ही दरबारी भाषा क्रमाने सोडली आहे. २६ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी ज्या दालनात शपथ घेतली, ते ‘दरबार हॉल’ म्हणून ओळखले जाई; जुलै २०२४ मध्ये त्याचे नाव ‘गणतंत्र मंडप’ झाले. प्रणव मुखर्जी यांच्या कारकिर्दीत २०१२ साली ‘महामहिम’ या संबोधनाऐवजी ‘राष्ट्रपती महोदय’ हे संबोधन स्वीकारले गेले. पदाने जे अलंकार उतरवून ठेवले, ते वृत्तलेखनाने पुन्हा चढविण्याचे प्रयोजन दिसत नाही.

‘राष्ट्रपती’ या शब्दातील ‘पती’बद्दल २००७ साली चर्चा झाली आणि जुलै २०२२ मध्ये एका अनुचित शब्दप्रयोगावरून संसदेत वादंगही झाले. मराठीपुरता हा प्रश्न अवघड नाही. सेनापती, सभापती, कुलपती या शब्दांत ‘पती’ म्हणजे अधिपती, प्रमुख. ते पदवाचक शब्द आहेत. ‘राष्ट्रपती म्हणाल्या’ या वाक्यात मराठी क्रियापदच लिंग सांगून जाते. भाषेच्या प्राध्यापकाला वर्गात क्रियारूपांचे सामर्थ्य दाखविण्यासाठी हे उत्तम उदाहरण आहे.

‘आपला माणूस’ ही चौकट

जिल्हा वृत्तपत्राचा धर्म स्थानिक धागा शोधण्याचा आहे आणि तो गैर नाही. प्रतिभाताईंचा जन्म जळगाव जिल्ह्यातील. विवाहाने त्या अमरावतीच्या. १९९१ ते १९९६ या काळात त्या अमरावतीच्या खासदार. यवतमाळ हा अमरावतीला लागून असलेला, त्याच महसुली विभागातील जिल्हा. ‘माहेर जळगाव, सासर अमरावती’ ही चौकट त्यामुळे आयती हाती होती. ती चौकट जिव्हाळा निर्माण करते. मात्र घटनात्मक पदाला घरगुती मंगलकार्याचे रूपही देते. लेक मोठी झाली, हा त्या वृत्ताचा भाव होतो. तिने कोणते वचन दिले आणि ते तिने पाळले की नाही, हा प्रश्न विचारण्याची वाट त्यातून उघडत नाही. आपल्या माणसाचे कौतुक होते. पदाधिकाऱ्याकडून हिशेब मागितला जातो.

२०२२ मध्ये या चौकटीने निराळे रूप घेतले. यवतमाळ जिल्ह्यात गोंड, कोलाम, परधान या समाजांची वस्ती आहे. पहिल्या आदिवासी राष्ट्रपतींचे पदग्रहण त्यांना जवळचे वाटणे स्वाभाविक होते. येथे वृत्तलेखनाची जबाबदारी अधिक होती. संथाली ही मुंडा शाखेची, तर गोंडी आणि कोलामी या द्राविडी कुळातील भाषा. ‘आदिवासी’ या एका शब्दाखाली हे भेद पुसले जातात. मुर्मू यांनी भाषणाच्या आरंभी केलेला ‘जोहार’ हा याचा चांगला दाखला आहे. विदर्भातील आदिवासी समाजांत तो अभिवादन म्हणून प्रचलित आहे. मराठी संतवाङ्मयाच्या वाचकाला मात्र तो निराळ्या, जातिव्यवस्थेच्या संदर्भात ठाऊक असतो. एकच शब्द दोन वाचकांपर्यंत दोन अर्थांनी पोहोचतो, तेव्हा तो केवळ अवतरणचिन्हांत ठेवून भागत नाही. दोन ओळींचे स्पष्टीकरण द्यावे लागते. आपल्या गावातून महाविद्यालयात जाणारी आपण पहिलीच मुलगी होतो, असे मुर्मू यांनी त्या भाषणात सांगितले. कोलाम पोडांपर्यंत महाविद्यालयीन शिक्षण कितपत पोहोचले, हा खरा स्थानिक धागा तेथून निघू शकत होता.

यवतमाळचा स्वतःचा प्रसंग

ओळख पुढे आणि कृती मागे, या प्रवृत्तीची प्रचीती खुद्द यवतमाळात आली होती. ११ जानेवारी २०१९ रोजी येथे ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले. अध्यक्षपदी अरुणा ढेरे होत्या. नयनतारा सहगल यांना दिलेले उद्घाटनाचे निमंत्रण मागे घेण्यात आल्याने मोठा वाद झाला आणि अखेर जिल्ह्यातीलच वैशाली येडे यांच्या हस्ते उद्घाटन झाले. संमेलनाध्यक्षाचे पदग्रहण आणि राष्ट्रपतींचे पदग्रहण यांची बरोबरी होऊ शकत नाही. वार्तांकनाचा प्रश्न मात्र समान आहे. येडे यांची ओळख ‘आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याची विधवा’ या शब्दांत सर्वत्र गेली. ‘तेरवं’ या नाटकातून त्या त्यापूर्वीच रंगमंचावर उभ्या राहून बोलत होत्या, ही ओळख मागे पडली. दीपप्रज्वलनाचे छायाचित्र हृदयस्पर्शी होते. पण ज्या छायाचित्राखालची ओळ व्यक्तीचे दुःख सांगते आणि तिचे म्हणणे सांगत नाही, ते छायाचित्र तिला पुन्हा एकदा मुकी करते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. वृत्ताच्या पहिल्या परिच्छेदात शपथ कोणी दिली, कोणत्या भाषेत व कोणत्या स्वरूपात घेतली गेली आणि तिच्यातील तीन वचने कोणती, हे यावे. सोहळ्याचे वर्णन त्यानंतर यावे.

२. मुख्य छायाचित्रात सरन्यायाधीश आणि राष्ट्रपती हे दोघेही असावेत. पर्यायच निवडावयाचा झाल्यास आसनांच्या अदलाबदलीचे चित्र निवडावे. चित्राखालच्या ओळीत डोळ्यांना दिसते तेच पुन्हा न सांगता दृश्याचा घटनात्मक अर्थ सांगावा.

३. ‘पहिल्या महिला’, ‘पहिल्या मराठी’, ‘पहिल्या आदिवासी’ ही विशेषणे खरी आहेत आणि ती यावीत. परंतु ती वाक्याचा कर्ता होऊ नयेत.

४. स्थानिक धागा आप्तभावाचा नसून उत्तरदायित्वाचा असावा.

१९७७ पासून प्रत्येक राष्ट्रपतींनी २५ जुलै रोजीच शपथ घेतली आहे. तारीख इतकी निश्चित असताना तयारीला वेळ मिळाला नाही, ही सबब टिकत नाही. माध्यमलेखन शिकविणाऱ्या मराठी विभागांनी ६०वा अनुच्छेद वर्गात वाचून घ्यावा आणि जुन्या छायाचित्रांना विद्यार्थ्यांकडून नव्या ओळी लिहवून घ्याव्यात. जुलैच्या अखेरीस या जिल्ह्यातील शेतकरी कपाशीच्या निंदण-डवरणीत गुंतलेला असतो आणि पान एकवरचा पहिला हक्क पावसाच्या बातमीचा असतो. तिच्या शेजारी राष्ट्रपतींच्या शपथेला जी चार बोटे जागा मिळते, तीत अश्वदल किती होते हे कळण्यापेक्षा आपल्या ‘सेवेचे व कल्याणाचे’ वचन कोणी आणि कोणासमोर दिले, हे त्या वाचकाला कळणे अगत्याचे आहे. वचन ठाऊक असलेलाच त्याची आठवण करून देऊ शकतो.